जगाच्या वेशीवरचे येसकर

२६ फेब्रुवारी २०२५. वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेच्या मंत्रिमंडळाची बैठक चालू होती. सरकारी खर्च कापण्याचे काम ज्यांच्याकडे सोपवले होते ते उद्योगपती इलॉन मस्क तिथे म्हणाले की, परदेशी मदत थांबवताना इबोला रोखण्याचे कामही चुकून थांबले होते, ते लगेच पुन्हा सुरू केले. काम खरोखर पूर्ववत झाले का, यावर त्या क्षेत्रातल्या लोकांनी लगेच शंका घेतली. पण घटकाभर मस्क यांचे म्हणणे खरे धरू.

त्या दिवशी युगांडात इबोलाची साथ चालू होती. राजधानी कंपालात एका परिचारकाचा जीव गेल्यावर ३० जानेवारीला ती जाहीर झाली होती आणि ती संपल्याचे जाहीर व्हायला २६ एप्रिल उजाडला. म्हणजे एका देशात साथ चालू असताना तिच्यावर नजर ठेवण्याचा पैसा दुसऱ्या देशातल्या एका कार्यालयात 'चुकून' बंद होऊ शकतो. आमचा प्रश्न त्या चुकीबद्दल नाहीच. अशी चूक मुळात शक्य कशी होते? कंपालातल्या माणसाच्या जिवाचे बटण वॉशिंग्टनच्या भिंतीवर कोणी बसवले?

या बातम्या आल्या तेव्हा आपल्यातले तरुण दोन टोकांना गेले. काहींना वाटले, अमेरिकेने गरीब देशांसाठी एवढे केले, आता त्यांचे कसे होणार? काही म्हणाले, बरे झाले, साम्राज्यवाद्यांचा पैसा नकोच. आम्हाला दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. परक्या देशातल्या साथींवर नजर ठेवण्याच्या व्यवस्थेला पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. तो नीट पाहिला की आपल्या चांगल्या ओळखीची एक व्यवस्था त्यात दिसू लागते.

आपल्या आजा-पणज्यांनी येसकरकी केली. येसकर रात्रभर वेशीवर राखण करायचा. गावात कोण परका आला ते पाटलाच्या कानावर घालायचा. मयताची खबर घेऊन उन्हापावसात परगावी जायचा. गावाची सगळी बित्तंबातमी त्याच्याकडे, पण त्याचे घर वेशीबाहेर. कामाला वेळ ठरलेली नाही आणि मोबदलाही ठरलेला नाही. खळ्यावरचे बलुते आणि दारोदार मागितलेली भाकर, तीही देणाऱ्याच्या मर्जीवर. साथरोगांवर नजर ठेवणारी जी जागतिक व्यवस्था उभी राहिली, तिने गरीब देशांना, आणि त्या देशांतल्याही सर्वांत खालच्या माणसांना, नेमके हेच काम दिले. वेस राखा, मरणाची बातमी वेळेवर आणा, आणि राहा बाहेरच.

हा आरोप मोठा आहे. म्हणून तो इतिहासातूनच तपासू.

एक डॉक्टर, एक मुत्सद्दी

२३ जुलै १८५१ रोजी पॅरिसमध्ये पहिली आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. १२ राष्ट्रे आली होती. प्रत्येक राष्ट्राने दोन प्रतिनिधी पाठवले होते, एक डॉक्टर आणि एक मुत्सद्दी. या जोडीतच पुढचा सगळा इतिहास आहे. डॉक्टरने सांगायचे की पटकी, म्हणजे कॉलरा, युरोपात कशी शिरते. मुत्सद्द्याने पाहायचे की क्वारंटाइनमध्ये जहाजे अडकून आपल्या देशाचा व्यापार बुडू नये. पूर्वेकडून येणारा रोग अडवायचा, पण पूर्वेकडून येणारा माल अडवायचा नाही, असा हा पेच होता.

१८६५ मध्ये हजच्या वाटेने पटकी पसरली आणि १८६६ ची परिषद कॉन्स्टँटिनोपलला भरली. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि मुंबई युरोपच्या आणखी जवळ आली. १८९२ मध्ये व्हेनिसला पहिला करार झाला, तो सुएझमधून पश्चिमेकडे जाणाऱ्या जहाजांच्या तपासणीचा. बंगालमध्ये दरवर्षी पटकीने मरणाऱ्यांना चांगले पाणी कसे मिळेल, हा त्या कराराचा विषय नव्हता. रोग जिथे जन्मतो तिथल्या माणसाचे काय, यापेक्षा तो आपल्या दाराशी कधी येतो, याची मोजणी सुरू झाली होती.

आणि मग आपली मुंबई आली. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. शाळेच्या पुस्तकात आपण पुण्याचा रँड वाचतो, घराघरांत घुसणारे गोरे सोजीर वाचतो. पण सरकारला एवढी घाई का झाली, हे पुस्तक सांगत नाही. युरोपची बंदरे मुंबईच्या मालाला आणि जहाजांना दारे लावतील, ही धास्ती त्या घाईमागे होती. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा आला. मुंबईहून हजला जाण्यावर बंदी आली. त्याच फेब्रुवारीत युरोपातले मुत्सद्दी पुन्हा व्हेनिसला जमले. या वेळी विषय एकच होता, मुंबईचा प्लेग. १९ मार्च १८९७ ला करारावर सह्या झाल्या.

त्या सह्यांच्या नऊ दिवस आधी, १० मार्च १८९७ ला, सावित्रीमाई गेल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या प्लेग झालेल्या मुलाला पाठीवर घेऊन त्या हडपसरजवळच्या दवाखान्यात आल्या होत्या. तो दवाखाना त्यांचा मुलगा डॉ. यशवंत यांनी माळावर उघडलेला होता. त्या मुलाची सेवा करतानाच त्यांना लागण झाली.

एकाच महिन्यात, एकाच रोगावर, दोन ठिकाणी काम चालले होते. व्हेनिसमध्ये रोगापासून माल वाचवण्याचे आणि हडपसरच्या माळावर रोगापासून माणूस वाचवण्याचे. पुढच्या काही दशकांत भारतात प्लेगने १ कोटीहून अधिक माणसे नेली. युरोपात मात्र तशी साथ उसळली नाही. व्हेनिसचा हिशेब त्यांच्या बाजूने बरोबर लागला. जगाच्या आरोग्य-व्यवस्थेचा पाया कोणत्या बाजूने घातला गेला, हे विसरू नये म्हणून आम्ही या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवतो.

देवीच्या मोहिमेचा हिशेब

पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाने १९२५ मध्ये सिंगापूरला एक कचेरी उघडली. आशियातल्या बंदरांतून रोगांची खबर तारेने तिथे यायची आणि तिथून इतरांना जायची. तिच्या उभारणीला अमेरिकेच्या रॉकफेलर फाउंडेशनचा पैसा होता. परक्या देशातल्या साथीची खबर ठेवण्यासाठी खासगी श्रीमंताने पैसा देण्याची ही रीत आजची नाही, तिला शंभर वर्षे झाली. कचेरी उपयोगाची होती, यात वाद नाही. पण खबर बंदरांची होती. बंदरामागच्या गावात माणूस कशाने मरतो, हे कळायला तार नव्हती.

याला एक मोठा अपवाद आहे, आणि तो आपण प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. तो अपवाद म्हणजे देवीचे निर्मूलन. १९६६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने त्यासाठी वर्षाला २४ लाख डॉलर मंजूर केले आणि १९६७ पासून मोहीम वेगाने चालली. शीतयुद्धाच्या ऐन भरात अमेरिका आणि सोव्हिएत रशिया इथे एकत्र आले. रशियाने लशीचे कोट्यवधी डोस दिले. रोगी शोधायचा, त्याच्याभोवतीच्या सगळ्यांना टोचायचे, अशी पद्धत होती. त्यासाठी भारतात हजारो कार्यकर्ते दारोदार फिरले. मे १९७५ मध्ये इथला शेवटचा रुग्ण सापडला, १९७७ मध्ये सोमालियात जगातला नैसर्गिक लागणीचा शेवटचा, आणि १९८० मध्ये देवी संपल्याचे जाहीर झाले.

मोहिमेचा एकूण खर्च ३० कोटी डॉलरच्या आसपास सांगितला जातो. त्यातला सुमारे एक तृतीयांशच बाहेरून आला. बाकीचा दोन तृतीयांश ज्या देशांत देवी होती त्यांनीच, म्हणजे गरीब देशांनीच, सोसला. आणि फायदा? श्रीमंत देशांचे लसीकरण कायमचे बंद झाले आणि त्यांचा दरवर्षीचा पैसा वाचू लागला. मग कोणी कोणावर उपकार केले? 'मदत' हा शब्द इथे उलटा वापरला जातो, असे आमचे म्हणणे आहे.

या मोहिमेची दुसरी बाजूही दडवू नये. बिहारमधल्या आदिवासी गावात रात्री दार तोडून, माणसाला धरून टोचल्याचे वर्णन खुद्द मोहिमेतल्या परदेशी डॉक्टरने लिहून ठेवले आहे. मोहीम जगाच्या भल्याची असली, तरी जबरदस्तीचा हात पहिला कोणाच्या दंडावर पडतो, हे सांगायला नको.

खबर आणली म्हणून मार

येसकराने मयताची खबर आणली की अपशकुनी म्हणून त्यालाच हाकलायचे, ही रीत जगानेही पाळली.

१९९४ चा पावसाळा संपत असताना आपल्या बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचा संशय आला आणि सप्टेंबरमध्ये सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली. लाखो माणसे सुरत सोडून पळाली. त्यांत मोठा भरणा परप्रांतांतून आलेल्या मजुरांचा होता. मृत्यू पन्नासच्या आसपास होते. पण देशोदेशींनी भारताची विमाने थांबवली, माल नाकारला, आणि नुकसान अब्जावधी रुपयांत गेले. तसे करा, असे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले नव्हते. त्या वेळच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार प्लेग, पटकी आणि पीतज्वर या तीनच रोगांची खबर देणे बंधनकारक होते. जो देश ती इमानाने देईल, त्याचाच बाजार उठायचा. मग पटकी 'जुलाब' म्हणून नोंदवली जाऊ लागली, तर नवल काय?

सत्तावीस वर्षांनी तेच घडले. २४ नोव्हेंबर २०२१ ला दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी कोविडच्या नव्या प्रकाराची खबर जगाला दिली. पुढे त्याला ओमिक्रॉन हे नाव मिळाले. दोन-तीन दिवसांत श्रीमंत देशांनी दक्षिण आफ्रिकेसह आजूबाजूच्या देशांची विमाने बंद केली. लवकर ओळखणे, लवकर सांगणे, हे सगळे अगदी नियमाप्रमाणे केले होते. बक्षीस म्हणून बहिष्कार मिळाला. बहिष्कार म्हणजे काय, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

कर्तव्य लिहून दिले, पैसा मर्जीवर ठेवला

२००३ च्या सार्स साथीनंतर जग हादरले आणि २००५ मध्ये नवे आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम मंजूर झाले. ते २००७ पासून लागू झाले. प्रत्येक देशाने प्रयोगशाळा, प्रशिक्षित माणसे आणि खबर देणारी यंत्रणा उभी करावी, असे बंधन आले. २०१२ ची मुदत घातली गेली. पण पैसा कुठून येणार? नियमांत एकमेकांना सहकार्य करावे, असे म्हटले होते. निधी मात्र नव्हता. मुदत संपली तेव्हा बहुतेक देश तयार नव्हते.

इथे आपल्याला १९२८ साल आठवते. त्या वर्षी बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे बिल मांडले. वतनदार महाराचे काम कोणते, किती तास, याला धरबंध नव्हता. तो घरी नसला तर घरातल्या दुसऱ्याने राबायचे. मोबदला मात्र रयतेच्या लहरीवर. बाबासाहेबांची मागणी अशी होती की, काम कायद्याने बांधलेले असेल तर मोबदलाही कायद्याने बांधा. ज्याचे कर्तव्य सक्तीचे आणि ज्याचा मोबदला खुशीचा, तो माणूस स्वतंत्र नसतो. २००५ च्या नियमांनी गरीब देशांना हेच वतन दिले.

खुद्द जागतिक आरोग्य संघटनेची अवस्था वेगळी नाही. सदस्य देशांची ठरलेली वर्गणी २०२४-२५ मध्ये तिच्या खर्चाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षाही कमी भरत होती. बाकीचा पैसा देणाऱ्यांच्या खुशीचा, आणि बराचसा 'याच कामाला वापरा' अशी खूण करून दिलेला. म्हणून २० जानेवारी २०२५ ला अमेरिकेने संघटनेतून बाहेर पडण्याचा आदेश काढला तेव्हा साऱ्या जगाच्या यंत्रणेला हादरा बसला.

खबर घेणारा कसा वागतो, याची दोन उदाहरणे पुरेत. इंडोनेशिया बर्ड फ्लूचे नमुने नियमाने देत होता. त्याच नमुन्यांवरून एक ऑस्ट्रेलियन कंपनी लस बनवत असल्याचे कळले. ती लस इंडोनेशियाला परवडणार नव्हती. तेव्हाच्या आरोग्यमंत्री सिती फदिला सुपारी यांनी नमुने देणे थांबवले. जगभर ओरड झाली की या बाई सगळ्यांचा जीव धोक्यात घालतात. पण त्या अडवणुकीमुळेच २०११ मध्ये नवी चौकट झाली आणि फ्लूच्या नमुन्यांवर धंदा करणाऱ्या कंपन्यांना जागतिक आरोग्य संघटनेकडे दरवर्षी पैसे भरावे लागू लागले. विनंतीने जे मिळाले नव्हते ते मिळाले.

दुसरे उदाहरण लायबेरियाचे. १९८२ मध्ये युरोपियन संशोधकांनी तिथल्या लोकांचे रक्त तपासून लिहिले होते की, हा देश इबोलाच्या टापूत धरला पाहिजे. तो लेख युरोपातल्या नियतकालिकात छापला गेला. लेखकांत एकही लायबेरियन नव्हता. २०१४ मध्ये इबोलाने देश उद्ध्वस्त झाल्यावर तिथल्या मुख्य वैद्यकीय अधिकारी डॉ. बर्निस डान यांनी हे जगापुढे मांडले. रक्त त्यांचे, ज्ञान दुसऱ्याचे. खबर तीस वर्षे आधी होती, पण ज्याच्या घराला आग लागणार होती त्याच्यापर्यंत ती पोहोचलीच नाही.

मेलिआंदू ते केनेमा

त्या इबोलाची सुरुवात डिसेंबर २०१३ मध्ये गिनीतल्या मेलिआंदू या गावी एका तान्ह्या मुलाच्या मृत्यूने झाली, असे मागाहून शोधून काढले गेले. रोगाचे नाव कळायला मार्च २०१४ उजाडला. जागतिक आणीबाणी ८ ऑगस्टला जाहीर झाली. त्याच्या काही दिवस आधी लागण झालेल्या अमेरिकी डॉक्टरला विमानाने मायदेशी नेले होते आणि जगाच्या पडद्यावर इबोला झळकू लागला होता. शेवटी ११ हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत ५०० हून अधिक आरोग्य कर्मचारी होते.

२० ऑगस्टला लायबेरियाच्या राजधानीतली वेस्ट पॉइंट ही झोपडपट्टी सैनिकांनी चारी बाजूंनी कोंडली. हजारो माणसे आत, अन्नपाणी बाहेर. लोक चिडले, गोळीबार झाला, १५ वर्षांचा एक मुलगा मेला. दहा दिवसांनी वेढा उठवला. साथ त्या वेढ्याने थांबली नाही. ती उतरली ती वस्त्यांनी स्वतःची माणसे उभी करून घराघरांतले आजारी शोधायला सुरुवात केल्यावर.

सिएरा लिओनमधल्या केनेमा शहरात त्या नोव्हेंबरमध्ये प्रेते पुरणाऱ्या कामगारांनी संप केला. जोखीम-भत्ता थकला होता. त्यांनी प्रेते रुग्णालयाच्या दारात आणून ठेवली. जगाला धक्का बसला, किळस आली. आम्हाला ते दृश्य ओळखीचे वाटले. ज्याच्या हाताशिवाय साथ थांबत नाही, त्याच्याच हाताचा विटाळ मानायचा, आणि पैसे मात्र शेवटी द्यायचे. त्या पथकांतल्या कितीतरी पोरांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी दूर लोटले होते.

बाहेरून पैसा येतच नव्हता, असेही नाही. सिएरा लिओनच्या महालेखापरीक्षकांना पहिल्या काही महिन्यांतल्या इबोला निधीपैकी जवळजवळ एक तृतीयांश खर्चाचे कागद नीट सापडले नाहीत. म्हणजे दोष फक्त गोऱ्या देशांचा नाही. श्रेणीबद्ध विषमता हीच असते. वरच्याने खालच्याला लुबाडायचे, त्याने त्याच्या खालच्याला, आणि सर्वांत खाली प्रेत उचलणारा. आपण फक्त वरच्या पायरीकडे बोट दाखवून थांबलो, तर मधल्या पायऱ्यांवरचे खुशीत राहतील.

मरणाची अट: २५० आणि २०

इबोलानंतर जागतिक बँकेने नवी युक्ती काढली. २०१७ मध्ये ३२ कोटी डॉलरचे साथीचे रोखे विकले. गुंतवणूकदाराने पैसा ठेवायचा, त्यावर व्याज घ्यायचे. मोठी साथ आली तर पैसा गरीब देशांना, नाही आली तर मुद्दल परत. जास्त जोखमीच्या रोख्यांवर ११ टक्क्यांहून अधिक व्याज होते, आणि ते जपान, जर्मनीसारख्या देशांच्या मदतीच्या पैशातून जात होते.

'मोठी साथ' कोणती, याच्या अटी लिहिल्या होत्या. इबोलासाठी एका देशात किमान २५० मृत्यू झाले पाहिजेत, आणि शिवाय दुसऱ्या देशात किमान २० मृत्यू झाले पाहिजेत. ऑगस्ट २०१८ ते जून २०२० या काळात काँगोच्या पूर्व भागात इबोलाने २,२८७ माणसे मारली. पण सीमेपलीकडे युगांडात मोजकेच मृत्यू झाले, कारण युगांडाने साथ चांगली रोखली. अट पुरी झाली नाही. रोख्यांतून काँगोला पैसा मिळाला नाही. दात्यांच्या वेगळ्या रोख निधीतून काही रक्कम गेली, एवढेच. पुढे कोविडमध्ये रोख्यांचा पैसा सुटला, तोही साथीला ठरावीक आठवडे उलटण्याची अट पुरी झाल्यावर, एप्रिल २०२० च्या अखेरीस. ६४ देशांत मिळून २० कोटी डॉलरहूनही थोडा कमी.

ही अट पुन्हा एकदा वाचा. काँगोचा माणूस काँगोत मेला तर ती साथ अपुरी. त्याचा रोग वेस ओलांडून गेला तरच तिची किंमत. १८९२ चा व्हेनिसचा करार आणि २०१७ चे रोखे यांत सव्वाशे वर्षांचे अंतर आहे, हिशेब एकच आहे.

मग पैसा नाकारायचा का?

आमचे उत्तर स्पष्ट आहे. नाही.

२० जुलै २०१४ ला इबोलाचा एक रुग्ण विमानाने लागोसला उतरला. लागोस म्हणजे आफ्रिकेतल्या सर्वांत दाट शहरांपैकी एक. तिथे साथ पसरली असती तर काय झाले असते, याची कल्पनाही करवत नाही. डॉ. अमेयो अडाडेव्हो यांनी वरून दडपण येऊनही त्या रुग्णाला रुग्णालयातून जाऊ दिले नाही. त्यात त्यांना लागण झाली आणि त्या गेल्या. पण साथ २० रुग्ण आणि ८ मृत्यूंवर थांबली. कशी? नायजेरियात पोलिओसाठी उभी केलेली यंत्रणा होती. घराघरांत जाणारी, लोकांची भाषा बोलणारी, पगारावर असलेली स्थानिक माणसे होती. त्या यंत्रणेत परदेशी पैसाही होताच. तो माणसांवर आणि कायमच्या कामावर खर्च झाला होता, म्हणून दुसऱ्या रोगालाही कामी आला.

तेव्हा पैसा नाकारण्याचा हट्ट आपण धरू नये. गरिबाचा जीव वाचवणारा रुपया कुठूनही येवो. भांडण आहे ते त्याच्या अटीवर आणि तो वाटणाऱ्या खुर्चीवर.

या खुर्चीचा धडा आपल्या चळवळीकडे १९३२ पासून आहे. पुणे करारानंतर अस्पृश्यता निवारणासाठी संस्था निघाली, पुढे तिचे नाव हरिजन सेवक संघ झाले. बाबासाहेब सुरुवातीला तिच्या मंडळात होते. नागरी हक्कांसाठी आणि समान संधीसाठी लढा, असे सांगणारे सविस्तर पत्र त्यांनी १४ नोव्हेंबर १९३२ ला ठक्कर यांना पाठवले. त्याची साधी पोचही आली नाही. पुढे त्या मंडळात अस्पृश्यांचे प्रतिनिधित्व का नाही, असे विचारल्यावर गांधींचे उत्तर होते की, ही सवर्णांच्या प्रायश्चित्ताची संस्था आहे. म्हणजे ज्यांच्या नावाने पैसा, त्यांना मत नाही. बाबासाहेबांनी १९४५ च्या पुस्तकात हा प्रकार उघडा पाडला.

जगात आज हाच प्रश्न आहे. २०२२ मध्ये जागतिक बँकेत नवा महामारी निधी सुरू झाला. त्याच्या मंडळात देणाऱ्या आणि घेणाऱ्या देशांना समान जागा आहेत, नागरी संघटनांनाही दोन आहेत. हे पुढचे पाऊल आहे, ते आम्ही मानतो. पण जगाला बाहेरून वर्षाला १० अब्ज डॉलरहून अधिक लागतील, असा अंदाज असताना जमलेली रक्कम त्याच्या जवळपासही नाही. २० मे २०२५ ला जागतिक आरोग्य सभेने महामारी करार मंजूर केला. नमुने देणाऱ्या देशाला लशीत काय वाटा मिळेल, हे मात्र वेगळ्या परिशिष्टावर सोडले आणि ते ठरल्याशिवाय करार सह्यांसाठी खुला होणार नाही, असे ठरले. इंडोनेशियाने विचारलेला प्रश्न अजून तसाच उभा आहे.

आणि आपला देश? भारत वेशीबाहेरचाच आहे, असे समजण्याचे कारण नाही. पुण्यात बनणारी लस गरीब देशांच्या वाट्याला जायची होती. २०२१ च्या वसंतात इथे दुसरी लाट आली आणि भारताने निर्यात थांबवली, ती अनेक महिने. आफ्रिकेतले देश वाट पाहत राहिले. इथली प्रेते जळत असताना तो निर्णय समजण्यासारखा होता. पण लस एकाच दारात ठेवली की दार लावणारा कोणीही असो, बाहेरचा बाहेरच राहतो.

कोविडमध्ये आम्ही ज्या वस्तीत काम करत होतो तिथे आशाताईंबरोबर घरोघर जाऊन ताप, खोकला आणि ऑक्सिजनच्या नोंदी भरल्या. रोज संध्याकाळी त्या वर जात. आठ दिवसांनी वरून काही आले, ते पत्रे आणि बांबू. वस्तीची तोंडे बंद झाली. औषध आणि शिधा आम्हीच वर्गणी काढून जमवला. त्या नोंदी भरणाऱ्या ताईला पगार नव्हता, मानधन होते, तेही थकलेले. तेव्हा आम्हाला वेस्ट पॉइंट आणि केनेमा माहीत नव्हते. नंतर वाचले तेव्हा दूरचे काही वाचतो आहोत असे वाटले नाही.

म्हणून साथीवर नजर ठेवण्यासाठी कोणी निधी जाहीर केला, मग तो वॉशिंग्टनने आफ्रिकेसाठी करो, जागतिक बँकेने करो की दिल्लीने, आपण चार प्रश्न विचारायला शिकू. पैसा हक्काचा आहे की मर्जीचा? तो खबर काढण्यावरच संपतो की खबर देणाऱ्याच्या उपचारापर्यंत पोहोचतो? जी ताई दारोदार फिरते आणि जो भाऊ प्रेत उचलतो, त्यांना पगार आणि विमा आहे का? आणि तो पैसा वाटणाऱ्या मंडळात वेशीबाहेरच्यांना मत आहे का?

बाबासाहेबांच्या सांगण्यावरून आपल्या माणसांनी येसकराची काठी टाकली. गाव राखायला त्यांची हरकत नव्हती. ज्या गावाची राखण करायची त्या गावात त्यांना घर हवे होते. जगाच्या वेशीवर आज जे उभे आहेत, त्यांची मागणी याहून वेगळी नाही.